शिबिरातली चढाई, हंगामातली चढाई

कबड्डीतल्या नव्या चढाईपटूची पारख दोनदा होते. पहिली हंगामाआधीच्या सराव शिबिरात. तिथे समोरचे सातही बचावपटू त्याच्याच संघाचे असतात आणि चूक झाली तर प्रशिक्षक शिट्टी वाजवून तीच चढाई पुन्हा करायला लावतो. दुसरी पारख स्पर्धेच्या सामन्यात. तिथे चूक झाली की खेळाडू बाद होतो आणि बाहेर जाऊन बसतो. या दोन परीक्षांचे निकाल पुष्कळदा जुळत नाहीत. शिबिरात सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेला मुलगा हंगामाच्या तिसऱ्या-चौथ्या सामन्यानंतर दिसेनासा होतो. उलट शिबिरात कोणाच्या फारसा लक्षात न आलेला एखादा हंगाम संपेपर्यंत संघाचा आधार बनतो. यांतल्या कोणत्या परीक्षेवर जास्त विश्वास ठेवावा, हा कबड्डीतला जुना वाद आहे. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि नव्या खेळाडूंची प्रगती सामन्यागणिक आकड्यांत दिसू लागली, तेव्हापासून त्या वादाला पुरावेही मिळू लागले.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात या वादाला व्यवहाराची बाजू आहे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढतात. शाळेच्या मैदानावर चमकणाऱ्या मुलाला कधी उतरवायचे, आणि उतरवल्यावर तो अडखळला तर काय करायचे, हे कोणाला तरी ठरवावे लागते. पुढील संवादात या प्रश्नाच्या दोन बाजू गावातल्या दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक शाळेतले क्रीडाशिक्षक. दुसरे गावच्या संघाकडून मातीवर खेळलेले जुने चढाईपटू, ज्यांना सगळे मामा म्हणतात.

शिक्षक : मामा, चढाईपटू घडतो तो शिबिरातच. सामना फक्त निकाल सांगतो. सिद्धार्थ देसाईचं बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला खेळाडू. २०१८ साली, प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात, यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. ७ ऑक्टोबरला चेन्नईत पुणेरी पलटणविरुद्ध त्याचा पहिला सामना झाला, तो ३२-३२ असा बरोबरीत सुटला, आणि या नवख्यानं त्यात दहाच्या वर गुण घेतले. हंगाम संपला तेव्हा २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण त्याच्या नावावर होते. पहिल्याच दिवशी असं खेळता आलं, कारण तयारी आधी झालेली होती.

मामा : तयारी झालेली होती हे कबूल. पण ती शिबिरात झाली म्हणता, तिथं अडतंय सर. सिद्धार्थ तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याचा थोरला भाऊ सूरज हाही चढाईपटूच. म्हणजे घरात कबड्डी, गावात कबड्डी, आणि वर्षानुवर्षं स्थानिक स्पर्धांतले सामने. तुम्ही त्याला नवखा म्हणता, पण तो फक्त टीव्हीला नवखा होता. पकड कशी बसते, बाद झाल्यावर डोकं कसं शांत ठेवायचं, हे त्याला सामन्यांनी शिकवलेलं होतं. महिन्याभराच्या शिबिरानं नाही.

शिक्षक : मग त्याच हंगामातला दुसरा नवखा घ्या. नवीन कुमार, हरियाणाचा, दबंग दिल्लीकडून उतरला. जन्म फेब्रुवारी २०००चा, म्हणजे पहिला सामना खेळला तेव्हा अठरा वर्षांचा. त्यानं चढाईचे १७२ गुण केले. अठरा वर्षांच्या मुलापाशी कुठली आली वर्षानुवर्षांची शिदोरी?

मामाचा आक्षेप आणि शिक्षकांचे उत्तर दोन्ही तपासण्यासारखे आहेत. ‘नवा खेळाडू’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी माणसे येतात. एक, ज्याचे शरीर आणि डावपेच पक्के झालेले आहेत आणि ज्याला फक्त मोठे व्यासपीठ नवे आहे. दुसरा, ज्याला सगळेच नवे आहे. पहिल्याचा पहिला हंगाम सहसा त्याच्या खऱ्या ताकदीच्या जवळ असतो. दुसऱ्याच्या पहिल्या हंगामावरून त्याचे पुढचे काहीच ठरत नाही. देसाई आणि नवीन यांची पहिल्या वर्षाची तुलना म्हणूनच अपुरी ठरते, आणि त्यांच्या दुसऱ्या वर्षाकडे पुढे वळावे लागेल. त्याआधी शिबिरात नेमके काय शिकवता येते ते पाहणे आवश्यक आहे.

चढाई म्हणजे ३० सेकंदांचे काम. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोल अंगण येते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. कोणालाही स्पर्श न करता आणि निदान रेषा न ओलांडता परतणारा चढाईपटू बाद ठरतो. बोनसचा गुण मिळण्यासाठी समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात. एवढ्याशा जागेत सात जणांमधून आत जाऊन परत येण्यासाठी जी हत्यारे लागतात, ती बहुतेक सरावाने येतात. धावता हात लावणे, पायाच्या चवड्याने स्पर्श करणे, पाठीमागे लाथ घालणे, बचावपटूंच्या साखळीखालून डुबकी मारून निसटणे, बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवणे: या प्रत्येक हालचालीची शेकडो आवर्तने लागतात, आणि ती आवर्तने सामन्यात मिळत नाहीत. चांगल्या चढाईपटूलाही एका सामन्यात साधारण पंधरा-वीस चढाया मिळतात.

शिबिराचे दुसरे काम म्हणजे माती सोडवून मॅटवर आणणे. मातीवर पाऊल किंचित घसरते आणि जुने चढाईपटू वळताना त्या घसरण्याचा उपयोग करून घेतात. मॅटवर बूट धरून ठेवतो, वळण अचानक होते, आणि सगळा ताण घोट्यावर आणि गुडघ्यावर जातो. मातीवरचा मुलगा मॅटवर आला की पहिले काही आठवडे त्याचा अंदाज चुकत राहतो. परतीच्या उडीला मध्यरेषा जवळ वाटते पण ती असते हातभर लांब.

मामा : हे मात्र खरं. मॅटचा अंदाज सामन्यात शिकायला गेलं तर पोरगं जायबंदी व्हायचं. आपल्याकडं तर काळी माती. पावसाळ्यात मैदानाचा नुसता राडा होतो, आणि शाळेच्या स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत सुरू होतात. चिखलात पाय रोवून खेळलेलं पोरगं पुढं विभागाला मॅटवर गेलं की पहिल्या दोन चढायांतच गांगरतं.

शिक्षक : म्हणूनच म्हणतो, आधी शिबिर, मग सामना. आणि शिबिरात समोर कोण उभं आहे, यावरही खूप आहे. देसाई यू मुंबात आला तेव्हा कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली. डाव्या कोपऱ्यातला, घोटा धरला की सोडायचा नाही. पहिल्या सामन्याआधीच देसाईला सरावात असा कोपरा मिळाला. हंगामात पुढं यापेक्षा अवघड असं कितीसं येणार होतं?

मामा : तोच धागा धरा सर. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं देसाईला १ कोटी ४५ लाखांना घेतलं, त्या लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू. २० जुलै २०१९ला हैदराबादेत हंगामाची पहिलीच लढत, समोर यू मुंबा, कोपऱ्यात तोच फझल. यू मुंबानं ३१-२५ अशी मारली. सरावात ओळख झाली ती काही एका बाजूनं झाली नव्हती. देसाई फझलला ओळखत होता, तसा फझलही देसाईला ओळखत होता. आणि शिबिरात आपल्याच मुख्य चढाईपटूचा घोटा कोणी जीव खाऊन ओढत नाही. तो दुखावला तर संघच बसेल.

मामाच्या या उत्तरात शिबिराची खरी मर्यादा सापडते. सरावात बचावपटू हात राखून खेळतात. त्यात कामचुकारपणा नसतो, तसे खेळणे संघाच्या हिताचेच असते. परिणाम एवढाच होतो की चढाईपटूला स्पर्श करून परतण्याचा सराव भरपूर होतो, पण पकड बसल्यानंतर रेटत रेटत मध्यरेषा गाठण्याचा होत नाही. ज्याची ताकद अंगच्या रेट्यात आहे त्याची शिबिरात कमी किंमत होते. ज्याची ताकद चपळाईत आहे त्याची जास्त होते.

हीच अडचण अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये जास्त उघडपणे दिसते, कारण तिथे हंगामाआधीचे सामनेही प्रेक्षकांसमोर होतात. त्या खेळातला रनिंग बॅक हा चढाईपटूचा जवळचा नातलग म्हणावा असा. चेंडू काखेत दाबून अकरा जणांच्या बचावातून वाट काढायची हे त्याचे काम. एनएफएलमध्ये २०२१पासून प्रत्येक संघ हंगामाआधी साधारण ३ सामने खेळतो आणि मग १७ सामन्यांचा हंगाम सुरू होतो. शिबिरात सुमारे ९० खेळाडू असतात, त्यांतले ५३ ठेवून बाकीच्यांना निरोप मिळतो. या आधीच्या सामन्यांत नावाजलेले बचावपटू बहुधा बाहेर बसतात आणि प्रशिक्षक आपले खास डाव झाकून ठेवतात. त्यामुळे नव्या रनिंग बॅकने तिथे मारलेली मजल कशाच्या विरुद्ध होती, हे तपासल्याशिवाय त्या मजलेला अर्थ नसतो.

मामा : मग ते सामने खेळवतात कशाला?

शिक्षक : तिथंही कधी कधी माणूस सापडतो म्हणून. टेरेल डेव्हिस नावाचा रनिंग बॅक १९९५ साली डेन्व्हर ब्रॉन्कोजनं सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर निवडला. म्हणजे ठेवला तर ठेवला, नाही तर घरी. हंगामाआधी टोकियोत सॅन फ्रान्सिस्कोशी सामना झाला. तिथं तो डोळ्यांत भरला तो चेंडू घेऊन पळण्यामुळं नव्हे. किकऑफनंतर समोरचा खेळाडू चेंडू घेऊन येत होता, त्याला यानं धावत जाऊन असं आडवं केलं की प्रशिक्षकांच्या नजरेत भरला. त्या हंगामात त्यानं १,११७ यार्ड काढले. १९९८मध्ये २,००८ यार्ड. २०१७मध्ये त्या खेळाच्या मानाच्या दालनात त्याचं नाव लागलं.

मामा : बघा, म्हणजे त्याचं जे काम नव्हतंच त्यात तो दिसला.

शिक्षक : पण दिसला तो हंगामाआधीच, मामा. हंगाम सुरू व्हायची वाट बघत बसले असते तर त्याला निरोपच मिळाला असता.

डेव्हिसच्या उदाहरणातून दोघांनाही काही ना काही मिळते. तरी रनिंग बॅक आणि चढाईपटू यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि नव्या खेळाडूच्या प्रगतीचा विचार करताना तो विसरून चालत नाही. रनिंग बॅक खाली पाडला गेला तर उठून उभा राहतो आणि पुढच्याच डावात पुन्हा चेंडू मागू शकतो. त्याची चूक काही यार्डांची असते. चढाईपटूची पकड झाली तर समोरच्या संघाला गुण मिळतोच, शिवाय तो स्वतः मैदानाबाहेर जातो. त्याचा संघ समोरच्या कोणाला तरी बाद करील तेव्हाच, आणि तेही बाद झालेल्यांच्या क्रमाने, तो परत येतो. ४० मिनिटांच्या सामन्यात मुख्य चढाईपटू दहा-बारा मिनिटे बाहेर बसला, तर त्याच्या संघाची घडीच विस्कटते. समोर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना तो पकडला गेला तर सुपर टॅकलचा एक गुण जास्तीचा जातो. सगळा संघ बाद झाला तर लोण आणि दोन गुण. नव्या मुलाच्या धाडसाची किंमत अशी चढत जाते.

म्हणून हंगामात नवा चढाईपटू पहिली मोठी गोष्ट शिकतो ती न पकडले जाण्याची. निदान रेषा ओलांडून, कोणाला न छेडता परत येणे ही रिकामी चढाई. प्रेक्षकांना ती कंटाळवाणी वाटते, पण तिच्यामुळे वेळ जातो, बचावाची मांडणी दिसते, आणि खेळाडू मैदानावर राहतो. मात्र एका संघाच्या दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ ठरते. तीत गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. अशा वेळी समोरच्या बचावाला माहीत असते की आता हा येणारच. तो मागे सरकतो, साखळी घट्ट करतो आणि वाट पाहतो. शिबिरात ही परिस्थिती नुसती ठरवून उभी करता येते. तिच्यातली भीती उभी करता येत नाही. कोणत्याही नवख्याचा हंगाम पाहताना एकूण गुणांपेक्षा या तिसऱ्या चढायांमध्ये त्याने काय केले, हे आधी पाहावे.

मामा : हे तुम्ही पोरांना शिकवता का सर? रिकामं परत यायला?

शिक्षक : शिकवतो, पण मैदानाभोवती गाव उभं असलं की कोणी ऐकत नाही. रिकामा परत आला की आरोळ्या सुरू होतात.

मामा : आमच्या वेळीही तेच होतं. आरोळ्या पचवायला सामनेच लागतात. चार भिंतींतलं शिबिर ते कसं शिकवणार?

गर्दीच्या प्रश्नावर महाराष्ट्रातले एक बोलके उदाहरण आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आठव्या हंगामात पुणेरी पलटणकडून पहिल्यांदा खेळला. तो हंगाम डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात, साथीच्या निर्बंधांमुळे, पूर्णपणे बंगळूरमध्ये आणि प्रेक्षकांविना झाला. गुण खरे, प्रतिस्पर्धी खरे, पण आरोळ्या नाहीत, गावोगावचा प्रवास नाही. शिबिर आणि हंगाम यांच्या मधली पायरी मुद्दाम बांधायची म्हटली तर ती साधारण अशीच बांधावी लागेल. त्यानंतरच्या वर्षी प्रेक्षक परतले आणि पुणेरी पलटणने अंतिम फेरी गाठली. दहाव्या हंगामात इनामदार कर्णधार होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले, आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडू इनामदारच ठरला. मधल्या काळात, २०२३च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातही तो होता. नवख्यापासून कर्णधारापर्यंतचा हा प्रवास तीन हंगामांत झाला, आणि तिन्ही हंगामांत संघ तोच होता, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

आता दुसऱ्या वर्षाचा प्रश्न. पहिल्या हंगामात नव्या चढाईपटूची माहिती समोरच्या संघांकडे नसते. काही सामन्यांतच ती जमू लागते. तो कोणत्या बाजूने आत शिरतो, कोणता पाय पुढे ठेवतो, तीस सेकंदांतल्या कितव्या सेकंदाला हात टाकतो, दबाव आला की कोणत्या कोपऱ्याकडे वळतो, हे सगळे चित्रफितींतून टिपले जाते. दुसऱ्या फेरीत तोच संघ पुन्हा समोर येतो तेव्हा बचाव त्याच्या सवयीच्या वाटेवर आधीच उभा असतो. इथे एकाच हत्यारावर जगणारा चढाईपटू अडतो. देसाईने सातव्या हंगामात चढाईचे २१७ गुण केले. पहिल्या वर्षापेक्षा अवघा एक कमी. सगळ्यांना माहीत झालेला, सगळ्यात महागडा, नव्या संघात गेलेला चढाईपटू जिथे होता तिथे टिकून राहिला, आणि त्यातली मेहनत आकड्यात दिसत नाही. त्याच हंगामात नवीन कुमारने १७२वरून ३०१वर उडी घेतली. सलग २१ सामन्यांत त्याने दहा किंवा अधिक गुण मिळवले आणि दिल्लीला अंतिम फेरीत नेले.

शिक्षक : मला यात वय दिसतं. अठराव्या वर्षी पाया घातला, एकोणिसाव्या वर्षी त्यावर मजला चढला. दोन हंगामांमधल्या सरावानं ते झालं.

मामा : आणि मला दिसतो तो एकच संघ. नवीनला दुसऱ्या वर्षी तेच सोबती, तोच रंग. देसाईला नवा संघ, नवी जोडी, डोक्यावर दीड कोटीच्या जवळपासचा भार. तुम्ही वय म्हणता, मी भरवसा म्हणतो.

दोन्ही कारणे खरी असू शकतात, पण मामाच्या बाजूने आणखी दोन मोठे दाखले उभे आहेत. प्रदीप नरवाल दुसऱ्या हंगामात बंगळूर बुल्सकडून मोजकेच सामने खेळला आणि त्याला दोन आकडी गुणसंख्याही गाठता आली नाही. पुढच्या हंगामापासून पाटणा पायरेट्सने त्याला सलग खेळवले, आणि पाचव्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण केले. पवन सेहरावत पाचव्या हंगामात गुजरातच्या संघात जवळजवळ बाकावरच होता. सहाव्या हंगामात बंगळूरने त्याला मुख्य चढाईपटू केले. त्याने २७१ गुण मिळवले, आणि ५ जानेवारी २०१९ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात त्याच गुजरातविरुद्ध एकट्याने २२ गुण घेऊन बंगळूरला विजेतेपद मिळवून दिले. या दोघांचे हातपाय एका वर्षात बदलले नव्हते. बदलले ते एवढेच की पकड झाल्यानंतरही त्यांना पुन्हा पाठवणारा कोणी तरी मिळाला. नव्या खेळाडूच्या प्रगतीत हा घटक सगळ्यात मोठा आहे, आणि तो खेळाडूच्या हातात नसतो. शिबिराच्या बाजूने आणि सामन्याच्या बाजूने बोलणारे दोघेही बहुतेक वेळा खेळाडूविषयीच बोलतात. प्रशिक्षकाच्या धीराविषयी फार थोडे बोलले जाते.

शिक्षक : धीराला मर्यादा असते मामा. तालुक्याची स्पर्धा बाद पद्धतीची. एक सामना हरलो की घरी. प्रो कबड्डीत साखळी सामन्यांचा लांब हंगाम असतो, दोन वाईट गेले तरी बाकीचे उरतात. माझ्याकडं उरतं काय?

मामा : हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

शिक्षक : म्हणून तर मी शिबिरावर जोर देतो. आपल्या पोरांना चुका करायला हंगामच नाही.

हा मुद्दा ग्रामीण कबड्डीचा खरा पेच आहे. व्यावसायिक लीगमध्ये साखळी सामने असल्यामुळे नवख्याला वाईट दिवसांनंतर पुन्हा संधी मिळते. शालेय स्पर्धांच्या बाद फेऱ्यांत तशी सोय नसते. परिणामी शिक्षक ओळखीच्या, सुरक्षित खेळाडूंना उतरवतात, आणि शिबिरात चमकलेला नवा मुलगा राखीवच राहतो. क्रिकेटमध्येही वयोगटातली चमक आणि पुढची पायरी यांच्यात असेच अंतर असते. जालन्याच्या विजय झोलने २०११मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. त्या धावांचे मोल कशानेच कमी होत नाही. तरी भारताच्या ज्येष्ठ संघाचे दार त्यामुळे आपोआप उघडले नाही. प्रत्येक पायरीवर गोलंदाज बदलतात, बचावपटू बदलतात, आणि आधीच्या पायरीवरचा आकडा तिथे फक्त ओळखपत्राचे काम करतो.

दुखापतीचा विषय थोडक्यात सांगण्यासारखा आहे, पण टाळण्यासारखा नाही. देसाईला आठव्या हंगामात दुखापतीमुळे मोजकेच सामने खेळता आले. इनामदारला अकराव्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच थांबावे लागले. चढाईपटूचा गुडघा, घोटा आणि खांदा यांवर प्रत्येक पकडीत तीन-चार जणांचा भार येतो. शिबिरात धावणे आणि चढाया यांच्याइतकाच वेळ मांड्या, कंबर आणि खांदे बळकट करण्याला दिला जातो, तो याचसाठी. गावातल्या मैदानावर नेमके हेच राहून जाते.

मामा : मग तुमच्या राखीव पोराचं काय करायचं? तो नववीतला, डाव्या बाजूनं शिरतो तो.

शिक्षक : तालुक्याला पहिल्या सामन्यात शेवटची पाच मिनिटं देईन म्हणतो. आपण पुढं असू तर.

मामा : पुढं असताना उतरवाल तर ते पुन्हा शिबिरच झालं. मागं असताना उतरवा म्हणत नाही मी. बरोबरी असताना उतरवा, आणि पहिल्याच चढाईला पकड झाली तरी माघारी घेऊ नका. सामना जाईल ही भीती खरी आहे. पण त्याआधी रविवारी शेजारच्या गावांच्या संघांना बोलवा, साखळी लावा, हरलो तरी पुढचा सामना राहील अशी. मातीवरच खेळा. तेच तुमचं शिबिर आणि तोच माझा सामना.

शिक्षक : हे जमेल. नोंदी मी ठेवतो. किती चढाया, किती रिकाम्या, तिसऱ्या चढाईला काय झालं.

मामा : आणि पकड झाली तर कोणत्या कोपऱ्यानं केली, तेही लिहा. तेच संघ पुन्हा समोर येतील.

शालेय कबड्डी १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होते. नववीतला मुलगा १७ वर्षांखालील गटात सहसा दोन वर्षे खेळू शकतो, आणि दोन्ही वर्षे त्याला तालुक्यातले बरेचसे तेच बचावपटू भेटतात. त्याच्या सवयी ओळखणारे प्रतिस्पर्धी त्याला दुसऱ्या वर्षी भोकरदनच्या तालुका स्पर्धेतच मिळतात. पहिल्या वर्षी कुठे आणि कशी पकड झाली याची नोंद शिक्षकांपाशी असेल, तर मधल्या काळातला सराव ठरवायला तीच उपयोगी पडते: डाव्या बाजूने शिरणाऱ्याला उजवीकडून शिरायला लावायचे, हातावर जगणाऱ्याच्या पायात स्पर्श आणायचा, आणि घोटा धरला गेल्यावर मध्यरेषेकडे रेटत जाण्याचा सराव पूर्ण ताकदीच्या पकडीविरुद्ध करून घ्यायचा.